शाळेच्या अंगणात तास कसा घ्यायचा: मैदान, परसबाग आणि एक वही

उद्या परिपाठ झाला की मुलांना लगेच वर्गात नेऊ नका. पाच मिनिटं मैदानात थांबवा आणि एकच प्रश्न विचारा, "आत्ता आपल्या शाळेची सावली कुठल्या बाजूला पडलीय, आणि शाळा सुटताना कुठे असेल?" उत्तर तुम्ही सांगायचं नाही, मुलांनी चुन्याने किंवा विटकरीच्या तुकड्याने रेघ मारायची आणि सुटताना परत येऊन बघायचं. बाहेरच्या तासाची सुरुवात एवढ्यावर होते. त्याला परसबाग लागत नाही, अनुदान लागत नाही, वरून पत्र यावं लागत नाही.

हे आधी सांगतेय कारण बऱ्याच शाळांमध्ये मी उलटं होताना बघितलंय. जूनमध्ये परसबागेचा विषय निघतो, घाईघाईने वाफे पाडले जातात, रोपं लावतात, फोटो निघतो, आणि ऑगस्टपर्यंत तिथे कमरेएवढं गवत. मुलं त्या बागेत फक्त फोटोच्या दिवशी गेलेली असतात. मी पुणे जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पहिल्या वर्षी आमचंही असंच झालं होतं, भेंडी लावली आणि दोन शेळ्यांनी एका दुपारीत संपवली कारण कुंपणाचा विचारच कुणी केला नव्हता. तेव्हापासून आमचा क्रम ठरलाय, आधी तास, मग बाग. तोच इथे सविस्तर लिहितेय.

आधी मैदान ओळखून घ्या

पहिला आठवडा फक्त फिरण्यासाठी. तिसरी-चौथीच्या मुलांना पावलांनी मैदान मोजायला लावा, मग तेच टेपने. प्रत्येकाची पावलं वेगळी येतात आणि भांडण सुरू होतं, "सर्वांचं माप सारखं का येत नाही?" मोजमापाचं एकक का लागतं हे त्या भांडणातून जेवढं कळतं तेवढं फळ्यावर कितीही सांगून कळत नाही. मग कागदावर नकाशा काढायचा, त्यात झाडं, नळ, हात धुवायची जागा, स्वयंपाकाची खोली, मुतारी, पाणी साचतं ती जागा, सगळं.

त्याच नकाशावर सकाळी ११, दुपारी १ आणि ४ वाजता कुठे ऊन आणि कुठे सावली ते वेगवेगळ्या रंगाने भरून घ्या. भाजीपाल्याला रोज साधारण ६ तास तरी ऊन लागतं, म्हणजे बाग कुठे करायची हे मुलांच्या नकाशावरूनच ठरतं. बसून तास घ्यायचा तर सावलीची जागा कोणती हेही कळतं.

बाहेर नेल्यावर गोंधळ होतो त्याचं काय

होतो. पहिल्या चार-पाच वेळा होणारच, कारण मुलांच्या डोक्यात बाहेर म्हणजे खेळाचा तास असतो. त्यावर आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. सुरुवातीला बाहेरचं काम १५-२० मिनिटांच्या वर नेऊ नका. काय शोधायचं, काय मोजायचं हे वर्गातच सांगून निघा, बाहेर गेल्यावर सूचना देत बसलात तर निम्म्यांना ऐकूच येत नाही. एक हद्द ठरवा, त्या आंब्याच्या पलीकडे नाही, आणि एक शिट्टी, ती वाजली की गोलात परत. जोड्या करा, शक्यतो एक मोठा आणि एक लहान, बहुवर्ग शाळेत (एकाच वर्गात अनेक इयत्ता असतात तिथे) तर हे फारच कामाला येतं. तास घ्यायला बसवताना अर्धगोल करा आणि सूर्य मुलांच्या पाठीशी ठेवा, डोळ्यांवर ऊन तुम्ही घ्या. बारीक गोष्ट आहे पण ऊन डोळ्यात जाणारं मूल तुमच्याकडे बघतच नाही. आणि प्रत्येक जोडीच्या हातात पुठ्ठा, त्याला कपड्याच्या चिमट्याने लावलेला कागद, पेन्सिल. हाताला काम असलं की पाय पळत नाहीत.

बाग नसताना घ्यायचे चार तास

पहिला काठीच्या सावलीचा. १ मीटरची सरळ काठी जमिनीत उभी करा, ओळंब्याने सरळ आहे का ते बघा (दोऱ्याला दगड बांधला तरी चालतो). साडेअकरापासून सव्वा वाजेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सगळी मुलं पैजेने सांगतात की बाराला सावली सगळ्यात छोटी होणार, आणि ती होत नाही. पुण्याच्या बाजूला ती साडेबाराच्या आसपास सगळ्यात छोटी होते, महिन्याप्रमाणे थोडी मागेपुढे. का? आपल्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलंय, पुणे आहे साधारण ७४ अंशावर, आणि सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात, बाकीचं गणित मुलांना करू द्या. नागपूरकडच्या शाळेत हा फरक कमी येतो कारण नागपूर ७९ अंशावर आहे.

हाच प्रयोग वर्षातून तीनदा तरी करा. जूनच्या शेवटी ढग नसलेला दिवस मिळाला तर पुण्यात भरदुपारची सावली जेमतेम ८-९ सेंटीमीटर असते आणि ती दक्षिणेला पडते. डिसेंबरच्या शेवटी तीच काठी जवळजवळ ९० सेंटीमीटरची सावली उत्तरेला टाकते. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही तो दिवस, आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. मे मध्ये सुट्टी आणि जुलैत ढग, तरी जुलैत काठी रोवून ठेवा, एखाद्या वर्षी दहा मिनिटं ऊन पडतं आणि ती दहा मिनिटं मुलं विसरत नाहीत.

दुसरा गुंठ्याचा. सातबारा, गुंठा, एकर हे शब्द मुलं घरात रोज ऐकतात पण गुंठा केवढा ते विचारलं तर हात पसरतात. सुतळीने ३३ फूट बाय ३३ फूट चौकोन आखा, १०८९ चौरस फूट, तो झाला एक गुंठा. असे ४० म्हणजे एकर. मग विचारा आपलं मैदान किती गुंठ्याचं, वर्ग किती गुंठ्याचा. आमच्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की आमच्या घराची जागा मी काल आजोबांबरोबर मोजली, पाऊण गुंठा भरली. चौथीच्या क्षेत्रफळाच्या धड्याचं यापेक्षा चांगलं मूल्यमापन मला माहीत नाही.

तिसरा पावसाचा. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा त्यातच बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो, त्यामुळे तळाशी खडे टाकून त्यावर पाणी ओता आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची खूण करा, ही पायरी बरेच जण विसरतात आणि मग माप चुकतं. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. भिंत आणि झाडापासून लांब उघड्यावर ठेवा, विटांनी आधार द्या. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, शाळेत ते जमत नसेल तर तुमची एक वेळ ठरवा पण रोज तीच ठेवा. आणि नोंद झाली की पाणी परत शून्याच्या खुणेपर्यंत आणून ठेवायचं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आता वर्गाचं छप्पर ६ मीटर बाय १० मीटर असेल आणि काल २५ मिलिमीटर पाऊस झाला असेल तर छपरावर १५०० लिटर पाणी पडलं, ते गेलं कुठे? हा प्रश्न मोठ्यांनाही विचारून बघा.

चौथा एक चौरस मीटर जमिनीचा. सुतळीचा चौकोन टाका आणि त्यात काय काय आहे ते मोजा, गवताचे प्रकार, मुंग्यांची बिळं, गांडुळाची माती, सगळं. एक चौकोन पायवाटेवर, एक झाडाखाली, एक कुंपणाजवळ. पावसाळ्यात टाकळा, घोळ, कुर्डू, आघाडा, दुधी (भोपळा नव्हे, तण) असं काय काय सापडतं आणि नावं तुम्हाला नाही तर मुलांना माहीत असतात. जी मुलं वाचनात मागे पडलेली असतात त्यातली काही इथे सगळ्यांच्या पुढे असतात, त्यांच्याकडे वर्ग वेगळ्या नजरेने बघायला लागतो, ते बघायला तरी हा तास घ्याच. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत तर तिथल्या बोलीतली नावंच आधी लिहून घ्या, प्रमाण मराठीतली नंतर.

आता परसबाग, पण छोटी

तीन किंवा चार वाफे पुरे. प्रत्येक ३ फूट रुंद आणि १० फूट लांब, मध्ये दीड-दोन फुटांची वाट. रुंदी तीनच्या वर नेऊ नका, दोन्ही बाजूंनी लहान मुलाचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे नाहीतर ती वाफ्यात पाय देतात आणि माती घट्ट होते.

कुंपण सगळ्यात आधी, बी आणायच्याही आधी. बांबू, काट्या, जुन्या साड्या, गावात जे मिळेल ते. शेतकरी जुन्या साड्यांचं कुंपण करतातच, ते शाळेलाही चालतं, पालकांकडून साड्या सहज मिळतात.

मग मातीची परीक्षा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चांगलं हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कण) एक-दोन तासांत, आणि चिकणमातीला दिवसही लागतो. सकाळी हलवलं की दुसऱ्या दिवशी थर पट्टीने मोजता येतात. घरून प्रत्येकाने मूठभर माती आणली तर काळी, तांबडी, मुरमाड अशा रांगेने बरण्या लावता येतात. शाळेची जागा नुसता मुरूम असेल (बऱ्याचदा असतोच, कारण शाळेला गावातली पिकाऊ जमीन कोण देणार) तर खणत बसू नका, विटा रचून फूटभर उंचीचा वाफा करा आणि त्यात शेतातली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. ताजं शेण घालू नका, रोपं जळतात.

पाण्याचं उत्तर बहुतेक शाळांत हात धुवायच्या जागेशीच असतं. मुलं खिचडीच्या आधी हात धुतात ते पाणी चर काढून केळी, पपई, अळूकडे वळवा. भांडी घासायचं साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला आणि मुळ्याला नको.

काय लावायचं हे शाळेच्या वर्षावर ठरवा, शेतीच्या पुस्तकावर नाही. जूनमध्ये शाळा भरते, चांगला पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, आणि कुंपणाला दोडका किंवा कारलं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून इंचभर खोल टोकायचं, दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर. ३ बाय १० च्या वाफ्यात किती रोपं बसतील हे मुलांनीच काढायचं, आणि काढल्यावर सुतळी लावून करून बघायचं. साधारण दीड महिन्याने पहिली भेंडी निघते आणि मग दिवसाआड तोडावी लागते, शनिवार-रविवार सोडलं तर निबर होते हे लक्षात ठेवा.

दिवाळीची सुट्टी ही बागेची खरी परीक्षा. आम्ही आता सुट्टीआधी काहीच पेरत नाही, वाफे मोकळे करून शेणखत टाकून ठेवतो आणि सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, हरभरा. मेथी महिन्याभरात काढायला येते, लहान मुलांचा धीर तेवढाच असतो. त्यामुळे पहिली-दुसरीला नेहमी मेथी आणि मुळा द्या. फेब्रुवारीनंतर नवीन लागवड नको. मे महिन्यासाठी कायमची झाडं, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, आणि त्यांच्याजवळ मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवायचं, ते भरलं की पाणी झिरपत राहतं, चार-पाच दिवसांतून एकदा कुणीतरी भरलं तरी झाडं जगतात. त्यासाठी शाळेशेजारच्या घरातल्या कुणाशी आधीच बोलून ठेवा.

लिंबू आणि कढीपत्त्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. ती मारू नका. मुलांना रोज बघू द्या, लांबी मोजू द्या, कोष कधी झाला, फुलपाखरू कधी निघालं याची नोंद ठेवू द्या. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू निलवंत, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात, नशीब असेल तर तेही येईल.

वही नसेल तर बाग नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वाफ्याची एक वही, जोड्यांनी पाळीपाळीने लिहायची. तारीख, काय बघितलं, काय मोजलं, काय केलं, आणि एक प्रश्न. प्रश्न सक्तीचा. "पानाला भोकं कुणी पाडली?" "या कोपऱ्यातली रोपं बुटकी का?" पुढच्या आठवड्याचा तास या प्रश्नांतूनच निघतो, मला वेगळं शोधावं लागत नाही.

प्रयोग साधे पण प्रामाणिक करा. एकाच वाफ्याचे दोन भाग, एकावर पालापाचोळ्याचं आच्छादन, दुसरा उघडा, दोन्हीला मगाने मोजून सारखंच पाणी. तीन दिवसांनी बोट घालून बघायचं, ओल कुठे जास्त. मुलं आपल्या आवडत्या भागाला हळूच जास्त पाणी घालतात, तेव्हा रागवू नका, "मग आता आपल्याला खरं उत्तर कळेल का?" एवढंच विचारा. किंवा हरभऱ्याचे दाणे १, ३ आणि ६ सेंटीमीटर खोल पेरून कुठले आधी उगवतात ते बघा. पेरायच्या आधी २० दाणे ओल्या फडक्यात बांधून किती मोडावले ते मोजा, २० पैकी १७ म्हणजे शेकडा किती हे मग आपोआप येतं.

भाजी तोडली की स्वयंपाकाच्या ताईंच्या काट्यावर वजन करून मगच आत द्यायची. त्या दिवशीचा बाजारभाव घरून विचारून आणायचा आणि हिशोब वहीत. ताईंनाही तासात बोलवा, कोवळी भेंडी कशी ओळखायची हे त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात.

काळजी, यात ढिलाई नको

रोज मुलं जायच्या आधी एका मोठ्या माणसाने वाफे आणि गवत काठीने आपटून बघायचं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, आपल्याकडे चारही आहेत. दगडविटांचे ढीग कोपऱ्यात साठवू नका. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मुलाला हलू न देता १०८ ला फोन आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात, वाटेत कुठेही थांबायचं नाही. कुंपणाला कण्हेर, बिट्टी, एरंड, धोतरा असेल तर काढून टाका, सगळे विषारी आहेत आणि लहान मुलं बिया तोंडात घालतात. गाजरगवत फुलाआधी मोठ्यांनी हातमोजे घालून उपटायचं. फवारणीसाठी निंबोळी अर्क चालतो पण तोही मोठ्यांनीच मारायचा. दशपर्णी अर्क शेतात ठीक आहे, त्यात विषारी पाला असतो म्हणून शाळेत नको. कुदळ-टिकाव मोठ्यांकडे, मुलांकडे खुरपं आणि झारी. काम झालं की साबणाने हात. मार्चनंतर बाहेरचे तास सकाळी नऊच्या आत.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. बागेत काम ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. गृहपाठ केला नाही तर गवत काढ, असं एकदा झालं की त्या मुलासाठी बाग संपली. तसंच मुलींनी झाडायचं आणि मुलांनी खणायचं हेही नकळत होतं, किंवा ज्यांच्या घरी शेतमजुरी आहे तीच मुलं राबतात आणि बाकीची बघतात. म्हणून पाळीचा तक्ता लावा आणि तो काटेकोर पाळा, लिहिणं, मोजणं, पाणी, खुरपणी, प्रत्येकाच्या वाट्याला सगळं आलं पाहिजे.

पालक म्हणतात, पोरं शिकायला पाठवली का राबायला?

हा प्रश्न येतो आणि तो बरोबर आहे. ज्यांनी आयुष्यभर मातीत हात घातले त्यांना मुलांनी यातून सुटावं असंच वाटणार. वाद घालू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाफ्याच्या वह्या ठेवा, मुलालाच वाचून दाखवू द्या. एका पालकाला तासाला बोलवा आणि मुलांना त्यांची मुलाखत घेऊ द्या, बी कसं ओळखता, पाऊस येणार हे कशावरून कळतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध करणारे एक आजोबा आता दर पेरणीला स्वतःहून येतात.

ही कल्पना काही कुठून बाहेरून आणायची नाहीये. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातूनच नई तालीम. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला कुरणशाळा चालवली, मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर नेली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत उभी केली. कुणी विचारलं तर हे सांगायला हरकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत, तेही बाहेरच्या तासांना वापरता येतात.

मार्च-एप्रिलचं शेवटचं काम

प्रत्येक वाफ्यात एक-दोन चांगली झाडं तोडायची नाहीत, शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. गावठी बी असेल तरच, संकरित बियाण्याचं पुढचं पीक तसंच येत नाही. भेंडीचं बी सप्टेंबरअखेर मिळतं, मेथी आणि हरभऱ्याचं फेब्रुवारी-मार्चला. बी काढून सावलीत सुकवायचं, थोडी राख मिसळायची, जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या करून झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. पुडीवर पिकाचं नाव, वाफ्याचा नंबर, तारीख आणि बी काढणाऱ्या जोडीची नावं. चौथीची मुलं दुसऱ्या शाळेत जातात तेव्हा डबा तिसरीच्या हातात देऊन जातात, आणि जूनमध्ये पहिलीला नवीन आलेली मुलं त्यातली पहिली पुडी उघडतात.